शाहीर दारात आले की

किसन शाहीर कुणाच्या दारात येऊन बसले, की त्या घरातली बाई आधी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघायची आणि मग चहा ठेवायची. शाहीर चहा लगेच घ्यायचे नाहीत. खांद्यावरचा निळा पंचा काढून मांडीवर ठेवायचे, पिशवीतून दोनशे पानी वही काढायचे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अगदी हळू आवाजात विचारायचे, "तुमच्या मायचं माहेर कोणतं?"

या एका प्रश्नाला सगळं गाव भ्यायचं.

मी त्या गावात सहा वर्षं ग्रामसेवक होतो. वाटूर फाट्यावरून आत गेलं की ते लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि मला अधूनमधून भेटतात. रुजू झालो त्या आठवड्यात जुनी इतिवृत्तं वाचत बसलो होतो. गटार, अंगणवाडीचा दरवाजा, पाण्याची मोटार अशा ठरावांच्या मध्येच एक ठराव निघाला. गावाच्या सुखदुःखाच्या प्रसंगी गायन करण्यासाठी किसन यांची गावशाहीर म्हणून नेमणूक करण्यात येत आहे, सर्वानुमते मंजूर. खाली सह्या आणि अंगठे. ग्रामपंचायतीनं शिपाई नेमलेला मी पाहिला होता, पाणी सोडणारा नेमलेला पाहिला होता. शाहीर नेमलेला पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कार्यालयात आले. पासष्टीचे असावेत. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, पांढरा सदरा आणि पायजमा, हातात डफ.

"भाऊसाहेब, थोडी रद्दी द्या. डफ गार पडलाय."

बाहेर रिपरिप चालू होती. मी जुन्या नोटिसांचा गठ्ठा दिला. त्यांनी ओट्यावर त्या एकेक करून पेटवल्या, डफाचं कातडं त्यावर धरलं आणि बोटानं टिचकी मारत, कान जवळ नेऊन ऐकत राहिले. पाचसात नोटिसा जळाल्यावर आवाज घट्ट झाला. "आता बोलायलाय," म्हणाले आणि निघाले. शाळेत एका बाईंचा निरोपसमारंभ होता, तिथं त्यांना गायचं होतं.

झेंडावंदन, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, गुरुजींची बदली, गावातल्या पोरीची पोलिसात निवड, असं काहीही झालं की शाहीर उभे राहायचे. पण त्यांचं खरं काम माणूस गेल्यावरचं. ज्याच्या त्याच्या रीतीनं सगळं आटोपलं, की ग्रामपंचायतीच्या पुढच्या लिंबाखाली लोक जमायचे आणि शाहीर त्या माणसाच्या आठवणीचं गाणं म्हणायचे. बारा ओळी. पाटलाला बारा, मोलमजुरी करणाऱ्याला बारा, मुलाण्याच्या म्हातारीलाही बाराच. बौद्धवाड्यातला हा माणूस पाटलाच्या घरच्यांसमोर उभं राहून पाटलाच्या आयुष्यावर गायचा आणि त्याला मध्ये कुणी थांबवायचं नाही. ठरावापेक्षा ही रीत जुनी होती. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं होतं, बिनठरावाचं.

त्यांचा एक नेम होता. जिवंत माणसावर गाणं करायचं नाही. सरपंच अंकुशराव वाढदिवसाला गाणं करा म्हणून मागे लागले, तेव्हा माझ्यासमोरच शाहिरांनी सांगितलं, "जित्या माणसाचं गाणं मी करीत न्हाई, सरपंच. उद्या तुम्ही बदलले, मंग त्या गाण्याचं मी काय करू?" अंकुशराव हसले, पण ते त्यांना लागलं होतं.

मेलेल्या माणसाचं गाणं करायचं तर माहिती हवी, आणि ती ते माणूस जिवंत असतानाच गोळा करायचे. मायचं माहेर, हातानं केलेलं पहिलं काम, आणि आजवर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट. एवढंच विचारायचे.

मी एकदा म्हणालो, "गेल्यावर घरच्यांना विचारलं तर नाही का चालणार? लोक घाबरतात."

"घरचे खोटं सांगतेत, भाऊसाहेब. रडून रडून चांगलंच तेवढं सांगतेत. खरं काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतंय."

लोकांच्या भीतीला तशी गमतीचीही बाजू होती. दाजीबा नावाचे एक म्हातारे होते. शाहिरांनी वही काढलेली बघताच त्यांनी काठी घेतली आणि एक पाठीत हाणून त्यांना अंगणाबाहेर काढलं. पुढं तीन वर्षं ते ठणठणीत राहिले. दर पोळ्याला बैल घेऊन मुद्दाम शाहिरांच्या घरावरून जायचे आणि ओरडून सांगायचे, "शाहीर, हाये मी अजून." शाहीर दारात येऊन रामराम घालायचे. चौथ्या वर्षी दाजीबा गेले. लिंबाखाली शाहिरांनी जे गाणं म्हटलं, त्यात ती काठी होती, आपल्या पाठीवरचा वळ होता, आणि काठी मारून झाल्यावर दाजीबांनी नातवाकरवी पाठवलेलं हळदीचं तेल होतं. त्या तेलाचं गावात कुणालाच माहीत नव्हतं. दाजीबांचा मोठा मुलगा, जो स्मशानात रडला नव्हता, तो तिथं रडला.

पण त्याच्या आदल्या वर्षी एक वेगळं घडलं होतं. किराणा दुकानवाला सुभाष, वय चाळीससुद्धा नाही. शाहीर साखर घ्यायला गेले आणि गप्पांच्या ओघात त्यालाही विचारून बसले. सुभाषनं हसत हसत सगळं सांगितलं. आठव्या दिवशी फाट्यावर त्याच्या मोटारसायकलला टिप्परनं उडवलं. तेव्हापासून शाहीर गल्लीत शिरले की पोरं घरात बोलावली जाऊ लागली. एका सुनेनं सासूला तीन दिवस माहेरी लपवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी शाहिरांकडे विषय काढला, तेव्हा त्यांनी वही मांडीवर उघडली. मग म्हणाले, "माझ्या वहीत आजच्या घडीला दीडेकशे माणसं हायेत. सगळी जिती. त्यांचं कुणाच्या ध्यानात न्हाई. मेला तेवढाच ध्यानात ऱ्हायला."

मला ते पटलं. तरीही ते माझ्याकडे बघून बोलत होते तेव्हा मी नजर वहीवर ठेवली होती, माझंही नाव तिथं आहे का ते दिसावं म्हणून.

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. शाहीर रोज सकाळी तिथं जाऊन गळा मोकळा करायचे. दुष्काळात रोजगार हमीवर तो बांध बांधला गेला, तेव्हा शाहीर आणि त्यांची बायको दोघं तिथं माती टाकायला होते. बांधाच्या पोटात कुठं काय आहे हे त्यांना माहीत होतं. मधोमध काळी माती चोपलेली, दोन्ही अंगांना मुरूम. माझ्या चौथ्या वर्षी उन्हाळ्यात जवळून मोठा रस्ता निघाला आणि मुरमाची गरज पडली. बांधाच्या पायथ्याशी मशीन लागलं. मशीन अंकुशरावांच्या मेव्हण्याचं होतं. दीड महिन्यात पायथा पार कोरून निघाला.

जुलैमध्ये तलाव भरत आला तसे शाहीर माझ्याकडे आले. सदऱ्याच्या खिशातून औषधाची एक रिकामी बाटली काढली. तिच्यात तांबूस काळं पाणी होतं.

"पायथ्याला पाझर फुटलाय. पाझर तं दरसाल ऱ्हातो. निवळ पाणी येतं, आम्ही पेत होतो ते. हे बघा. गढूळ यायलंय."

"म्हणजे?"

"म्हंजे आतली माती घेऊन यायलंय, भाऊसाहेब. बांध आतून पोकळ होऊन राह्यलाय."

मी त्याच दिवशी तालुक्याला पत्र लिहिलं. स्थळपाहणी करण्यात येईल, असं उत्तर आलं. पत्राची प्रत आणि उत्तर मी फाइलला लावलं, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. माझं काम झालं होतं.

शाहिरांचं झालं नव्हतं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत झेंडा झाल्यावर ते नेहमीप्रमाणे उभे राहिले. पहिलं कडवं स्वातंत्र्याचं होतं. दुसरं सुरू झालं ते बांधाचं. खालची आळी, तिथली छत्तीस घरं, पायथ्याचा खड्डा आणि गढूळ पाणी, सगळं त्यांनी सरळ शब्दांत घेतलं होतं. मेव्हण्याचं नाव घेतलं नव्हतं, पण मशीनचा रंग सांगितला होता. अंकुशरावांनी माइकवाल्याकडे बघितलं. माइक बंद झाला. शाहीर तसेच गात राहिले, पण मैदान मोठं होतं आणि पोरांना जिलेबी वाटायला सुरुवात झाली होती. तिसऱ्या रांगेच्या पुढं काही ऐकू गेलं नसेल.

सभा संपल्यावर अंकुशराव त्यांना म्हणाले, "शाहीर, चांगल्या दिवशी असं अभद्र गातेत का? इंजिनेर येणार हायेत, बघतील ते."

"कधी येणार?"

"येतील की. जल्दी काय हाये?"

शाहिरांनी डफ पंच्यात गुंडाळला आणि घरी गेले. आठ दिवस दिसले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी ते खालच्या आळीत शिरले. आळी नाल्याच्या काठानं एका रांगेत आहे, थेट बांधाच्या तोंडाशी. पहिल्या घरात बसले, वही काढली, घरातल्या म्हाताऱ्याला विचारलं. मग त्याच्या मुलाला विचारलं. मग सुनेला. असं आजवर कधी झालं नव्हतं. ते दुसऱ्या घरात गेले. तिथंही सगळ्यांना. दुपारपर्यंत आळीभर झालं की शाहीर घरटी सगळ्या माणसांची माहिती घेत चाललेत, एकही घर गाळत नाहीत. तिसऱ्या घरानंतर माणसं दारं लावून घेऊ लागली. शाहीर बंद दाराबाहेर बसायचे, घराकडे बघत दोन मिनिटं थांबायचे, वहीत घरमालकाचं नाव लिहायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. तीन दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी एका बाळंतिणीच्या दाराशी थांबले तेव्हा तिच्या नवऱ्यानं त्यांची मानगूट धरली. ओठ फुटला. शाहीर उठले, पंच्यानं तोंड पुसलं आणि शेजारच्या दारात जाऊन बसले.

मी स्वतः तिथं गेलो. "शाहीर, हे काय लावलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे सुजले होते, झोप नव्हती. "माझं काम करून राह्यलो," एवढंच म्हणाले.

दारं लागू लागल्यावर सगळ्या आळीत एकच दार त्यांना उघडं मिळालं. गयामायचं. पंचाहत्तरीची एकटी बाई, पोरी सासरी गेलेल्या. तिनं त्यांना आत बोलावलं, ओठाला लावायला हळद दिली आणि चहा केला. मी दारात उभा होतो.

"मला काय भेव घालतो रे, किसन," ती म्हणाली. "विचार काय विचारायचं ते. मायचं माहेर धावडा. पहिलं काम म्हणशील तं बकऱ्या वळल्या. आन् तिसरं, भाऊसाहेबांला बाहेर जाऊ दे, मंग सांगते."

मी बाहेर गेलो. अर्ध्या तासानं शाहीर निघाले तेव्हा त्यांनी मागं वळून तिच्या घराकडे बघितलं, काहीतरी बोलायचं राहिल्यासारखं. मग वही पिशवीत टाकून चालू लागले.

चौथ्या दिवशी आळीतली चाळीस माणसं कार्यालयात आली. शाहीर गावावर अरिष्ट आणतोय, त्याला काढा. अंकुशरावांना तेच हवं होतं. तातडीची सभा झाली. शाहीर मागं भिंतीला टेकून उभे होते. तुम्हाला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर म्हणाले, "सांगून झालंय पंधरा ऑगस्टला." ठराव झाला. गावशाहीर या पदावरून किसन यांना कमी करण्यात येत आहे, सर्वानुमते मंजूर. तो माझ्या हातानं लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, लोक नेहमी म्हणतात. त्या पानावरही ते चांगलंच आलंय.

एक सही मात्र राहिली. गयामाय अंगठा द्यायला आली नव्हती.

सप्टेंबरच्या मध्याला पाऊस लागला आणि थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतली बाळंतीण पोराला घेऊन माहेरी निघून गेली. तिचं बघून शेजारच्यांनी ट्रॅक्टर काढला. कुणी कुणाला बांध फुटेल असं म्हणालं नाही. "शाहिरानं नाव लिहिलंय आमचं, उगी घरात कशाला बसा," असं म्हणत एकेक घर उठलं. कुणी मंठ्याला नातेवाइकांकडे गेलं, बाकीचे शाळेत आले. मी वर्ग उघडून दिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत माणसं मोजली, पस्तीस घरांचा हिशेब लागला. शाहीरही तिथं आले होते, कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या आजूबाजूची जागा लोकांनी मोकळी सोडली होती.

"गयामाय कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

तिच्या शेजारणीनं उत्तर दिलं. "चल म्हणलं तं आली न्हाई. म्हणली, माझं शाहिराला सगळं सांगून झालंय, आता मला कशाचं भेव. बिलकुल निवांत बसलीय."

शाहीर उठले आणि पावसात धावत सुटले. आम्ही चौघं मागं. चार वाजत आले असतील. आम्ही मारुतीच्या पारापाशी पोचलो तेव्हा वरून आवाज आला, मोठ्या ट्रकनं खडी ओतावी तसा, फक्त थांबला नाही. मी शाहिरांचा हात धरून त्यांना पाराच्या वर ओढलं. ते सोडा सोडा म्हणत होते. पाणी नाल्यातून आलं नाही, आळीवरून आलं. त्यात बाजा, पत्रे, एक अख्खी कडब्याची गंजी तरंगत होती. दहा मिनिटांत आळी नव्हती.

गयामाय दुसऱ्या दिवशी दीड किलोमीटरवर बाभळीत सापडली.

छत्तीस घरांतलं एक माणूस गेलं. तालुक्याहून आलेला अधिकारी म्हणाला, नशीब तुमचं. गावात मात्र दोन तट पडले. काही जण म्हणाले, शाहिरांनी वाचवलं. काही म्हणाले, त्यानं नावं लिहिली म्हणून पाणी आलं, आधी कधी आल्तं का? गंमत अशी की दोन्हीकडची माणसं त्यांच्या समोर यायला सारखीच कचरत. ज्यानं मानगूट धरली होती तो बाळंतिणीचा नवरा त्यांच्या पाया पडायला गेला, पण उंबऱ्याच्या बाहेरूनच, आणि पोराला सोबत नेलं नाही.

गयामायच्या शोकसभेला अंकुशरावांनी स्वतः जाऊन शाहिरांना बोलावलं. ते आले. डफ आणला नव्हता. लिंबाखाली उभे राहून नुसत्या आवाजात बारा ओळी म्हणाले. त्यात बांध नव्हता, पाणी नव्हतं. धावड्याच्या माळावर बकऱ्या वळणारी एक मुलगी होती, आणि तिनं आयुष्यभर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट, जी त्यांनी सांगितली नाही. त्या ओळीच्या जागी ते थांबले, ओळीएवढा वेळ गप्प राहिले आणि पुढची म्हणाले. लोकांना वाटलं विसरले.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते म्हणाले, "तिला मी विचारलं, भाऊसाहेब. निघ म्हणलो न्हाई. सरळ एक शब्द, निघ. बाकीचे भेले आन् गेले. ती भेली न्हाई. भेव न घेणाऱ्या माणसाला सरळ सांगाय पाह्यजे होतं."

"तुम्ही सरळही सांगितलं होतं. माइक आम्ही बंद केला."

"तुम्ही न्हाई केला."

"ठराव मी लिहिला."

ते चालत राहिले. माझं सांत्वन करायची त्यांची सवय नव्हती.

दिवाळीनंतर ते मुलीकडे, संगीताकडे, मंठ्याला गेले. गावात पुढं दोन माणसं वारली. लिंबाखाली लोक जमले, मिनिटभर उभे राहिले आणि काय करावं न कळून घरी गेले. माझी बदली होण्याआधी ग्रामसभेनं आधीचा ठराव रद्द केला आणि किसन शाहिरांना सन्मानानं परत नेमलं. अंकुशरावांनीच मांडला. ती प्रत घेऊन मी मंठ्याला गेलो.

संगीताचं घर बाजाराच्या मागच्या बोळात आहे. शाहीर बाहेर बाजेवर बसून मेथी निवडत होते. वाळले होते. मी ठराव वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, घडी नीट केली आणि मला परत दिला.

"आता कुणी खरं सांगणार न्हाई, भाऊसाहेब. मी दारात बसलो की लोकं सामान बांधतेल. मंग माझ्या गाण्यात काय राहील?"

"वही?"

"हाये. त्यातली बहुतेक जितीच हायेत की अजून. सुखानं ऱ्हाऊ द्या."

संगीतानं चहा आणला. आम्ही पावसाचं, पिकाचं, तिच्या मुलाच्या शाळेचं बोललो. मी निघालो तेव्हा उन्हं कलली होती. बोळाच्या तोंडाशी मोटारसायकल लावली होती, तिथून मागं बघितलं. समोरून दोन बायका पाण्याच्या कळशा घेऊन येत होत्या, एकीच्या कडेवर मूल होतं. शाहिरांना बघून त्या बोळाच्या दुसऱ्या टोकाशीच थांबल्या आणि एकमेकींशी काहीतरी बोलल्या. गावाची गोष्ट मंठ्यापर्यंत पोचली होती.

शाहिरांनीही त्यांना बघितलं. ते उठले. मेथीची परडी खाली ठेवली, बाज दोन्ही हातांनी उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून परत बसले. बायका त्यांच्या पाठीमागून लगबगीनं निघून गेल्या. त्या पार बोळाबाहेर जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.